आजचं रिजेक्शन खरंच जास्त आहे का? नवख्यांसाठी एनपी आणि पी चार्ट

काल ८ नग रिजेक्ट झाले, आज १३. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "काय झालं?" सुपरवायझर काहीतरी सांगतो: वाळू ओली होती, नवा पोरगा लावला होता, लाइट गेली होती. उद्या ५ येतात. मग कुणीच विचारत नाही काय झालं, आणि कालच्या उत्तराने फरक पडला असंच सगळे धरून चालतात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत हा प्रसंग नवा नाही, आणि चाकणच्या प्रेस शॉपमध्येही नाही.

बऱ्याचदा "काय झालं?" याचं खरं उत्तर "काहीच नाही" हेच असतं. त्याच वाळूतून, त्याच माणसांकडून, त्याच भट्टीतून एक दिवस ५ खराब निघतात आणि एक दिवस १३. हा चढउतार प्रक्रियेच्या अंगातलाच असतो. काही दिवस मात्र खरोखर वेगळे असतात, आणि त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. हे दोन प्रकारचे दिवस वेगळे काढणं हे कंट्रोल चार्टचं काम.

वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत आपल्या वरिष्ठांना एक टिपण पाठवलं, त्यात हा चार्ट पहिल्यांदा काढलेला होता. तो पहिला चार्ट सदोष मालाच्या प्रमाणाचाच होता. कॉलेजात आधी मोजमापांचे एक्स-बार आणि आर चार्ट शिकवतात, त्यामुळे रिजेक्शनचा चार्ट म्हणजे दुय्यम प्रकार असा समज होतो, तो सोडून द्या. पुढे १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले, आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमार्फत हे तंत्र आपल्या कारखान्यांत शिरलं. म्हणजे आपल्याकडेही ते फार जुनं आहे. वापर मात्र ऑडिटच्या आदल्या आठवड्यात जास्त होतो.

आधी ठरवा, खराब कशाला म्हणायचं

आकडेमोड दहा मिनिटांची आहे. वेळ जातो तो इथे, आणि जायलाच हवा.

पहिली गोष्ट, नग मोजायचे की दोष? एका कास्टिंगवर तीन ब्लो होल (गॅसने पडलेली भोकं) असतील तर दोष तीन, पण सदोष नग एकच. आपण या लेखात नग मोजतोय: पास किंवा नापास, मधलं काही नाही. दोष मोजायचे असतील तर सी चार्ट किंवा यू चार्ट लागतो आणि त्यांची सूत्रं वेगळी आहेत. एकाच तक्त्यात एका शिफ्टने नग आणि दुसऱ्या शिफ्टने दोष लिहिलेत, असं दिसलं तर तो तक्ता बाजूला ठेवा आणि नवा सुरू करा.

दुसरी गोष्ट रिवर्कची. ग्राइंडिंग मारून किंवा वेल्डिंग भरून पास झालेला नग चांगला धरायचा की खराब? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या तपासणीत नापास झाला तो खराब. नंतर वाचवला, तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. रिवर्क चांगल्यात घातलं की चार्ट फेटलिंगवाल्यांची (ओतलेला नग घासून साफ करणाऱ्यांची) मेहनत दाखवतो, मोल्डिंगची तब्येत दाखवत नाही.

तिसरी गोष्ट तपासणाऱ्यांची नजर. एक जण केसाएवढ्या भोकाला नापास करतो, दुसरा "मशिनिंगमध्ये निघून जाईल" म्हणून सोडतो. लिमिट सॅम्पलचा बोर्ड करा. अगदी काठावर पास झालेला आणि अगदी काठावर नापास झालेला, असे खरे नग तारेने बांधून टेबलाजवळ लटकवा. मग ५० नग निवडा, त्यात काही काठावरचे मुद्दाम घाला, आणि दोन्ही शिफ्टच्या इन्स्पेक्टरांकडून एकमेकांचा निकाल न दाखवता तपासून घ्या. निकाल बरेच वेगळे आले तर चार्ट काढायची घाई करू नका. त्या अवस्थेत चार्टवर जे वरखाली होईल त्यात प्रक्रिया किती आणि ड्युटीवर कोण होता हे किती, ते कधीच कळणार नाही.

नोंद कुठल्या तारखेला टाकायची

फाउंड्रीत ही फार मोठी अडचण असते आणि सूत्रांच्या पानावर तिचा उल्लेख सापडत नाही. नग आज ओतला, उद्या नॉकआउट झाला (साचा फोडून बाहेर काढला), परवा फेटलिंगला गेला, तेरवा तपासला. तपासणीच्या तारखेने चार्ट काढलात तर सोमवारी वाळूत झालेली गडबड गुरुवारच्या बिंदूत दिसते, तीही इतर दिवसांच्या मालात मिसळून. गुरुवारच्या माणसांना तिचा पत्ताही नसतो.

नगावर तारीख किंवा हीट कोड (भट्टीच्या घाणीचा क्रमांक) उठवलेला असतो. तो वाचा आणि खराब नग ज्या दिवशी ओतला त्या दिवसाच्या खात्यात लिहा. याची किंमत अशी की सोमवारचा बिंदू गुरुवारपर्यंत पूर्ण होत नाही. तोपर्यंत तो पेन्सिलीने काढा. मशिन शॉपमधून आठवड्याने परत येणारे नग या चार्टमध्ये घालू नका. ते दोष मुळात कातडीखालचे असतात, डोळ्यांनी दिसणारे नसतात. त्यांचा चार्ट वेगळा ठेवा.

आणि एका चार्टवर एकच पार्ट, एकच मोल्डिंग लाइन. ब्रेक ड्रम आणि हाउसिंग एकत्र मोजलेत तर कुठल्या दिवशी कशाचं उत्पादन जास्त होतं तेवढंच चार्ट सांगेल. ते तर प्लॅनिंगवाल्याला आधीच माहीत असतं.

पंचवीस दिवसांचे आकडे

समजावण्यासाठी आकडे असे घेऊ. एका हाउसिंगचे रोज २०० नग ओतले जातात आणि सगळे डोळ्यांनी तपासले जातात. २५ कामाच्या दिवसांत खराब निघालेले नग क्रमाने असे:

७, ९, ६, ११, ८
५, १०, ८, १२, ७
९, ६, ८, ४, ११
७, २१, ९, ८, ६
१०, ५, ८, १३, ५

रोजची संख्या सारखी असल्यामुळे इथे एनपी चार्ट चालतो, म्हणजे टक्केवारी न काढता थेट नगांची संख्याच आलेखावर मांडायची. माझ्या मते नवख्याने इथूनच सुरुवात करावी. "आज ९ खराब" हे भट्टीवरच्या माणसाला लगेच कळतं, "०.०४५" कळत नाही.

बेरीज २१३. एकूण तपासले ५,०००. सदोष प्रमाण २१३ ÷ ५,००० = ०.०४२६. रोजची सरासरी २०० × ०.०४२६ = ८.५२ नग. ही मधली रेषा.

तिच्या वर आणि खाली एकेक मर्यादा काढायची. प्रक्रियेच्या अंगातला चढउतार सहसा या दोन रेषांच्या आत राहतो, बाहेर गेलेला दिवस वेगळा समजायचा. मर्यादांचं सूत्र असं:

मर्यादा = सरासरी ± ३ × √[ सरासरी × (१ − सदोष प्रमाण) ]

कंसात ८.५२ × ०.९५७४ = ८.१६. त्याचं वर्गमूळ २.८६, तिप्पट ८.५७. वरची मर्यादा १७.०९. खालची वजा ०.०५ येते. वजा नग खराब निघू शकत नाहीत, म्हणून खालची मर्यादा नाही असं समजायचं.

आता आलेखाच्या कागदावर २५ बिंदू मांडा आणि सरळ रेषांनी जोडा. मधली रेषा सलग, मर्यादेची तुटक. पहिले काही महिने हे हाताने करा असं मी आग्रहाने सांगेन. कॉम्प्युटरवर चार्ट चटकन होतो, पण तो क्यूसीच्या केबिनमध्येच राहतो. मोल्डिंगजवळ टांगलेल्या, वाळूने काळ्या झालेल्या कागदाकडे येताजाता माणसं बघतात. कागदाखाली शेऱ्यांसाठी एक आडवी पट्टी सोडा: वाळूची ओल, कोअरचा (नगातली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) लॉट, पॅटर्न बदलला का, ब्रेकडाउन, नवा माणूस. ही पट्टी रिकामी राहिली तर वरचा आलेख निम्म्या किमतीचा.

सतराव्या दिवसाचं काय करायचं

सतराव्या दिवशी २१ नग खराब. १७.०९ च्या बाहेर. इथे "काय झालं?" हा प्रश्न विचारायचा.

समजा शेऱ्यात लिहिलंय: सुट्टीच्या आधी बनवलेले कोअर वापरले. दोषनिहाय टॅली बघितली तर २१ पैकी १४ ब्लो होल. पावसाळ्याचे दिवस, उघड्यावर दोन दिवस पडून राहिलेले कोअर ओल धरतात, ओतताना त्यातून वाफ आणि गॅस निघतो आणि धातूत भोकं राहतात. कारण सापडलं, पटलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय झाला: जुने कोअर पुन्हा ओव्हनमधून काढल्याशिवाय लाइनवर द्यायचे नाहीत. आता हा दिवस हिशेबातून वगळता येतो. उरले २४ दिवस, १९२ खराब, ४,८०० तपासले. सदोष प्रमाण ०.०४, सरासरी ८, वरची मर्यादा ८ + ३ × √७.६८ = १६.३१. उरलेले सगळे बिंदू आत आहेत.

कारण सापडलं नसतं तर? तर बिंदू काढायचा नाही. "बाहेर गेला म्हणून वगळला" हे चालणार नाही. वाईट दिवस असेच गाळत गेलात तर कागदावर एक सुंदर प्रक्रिया तयार होते, फक्त ती तुमच्या शेडमध्ये नसते.

टॅलीचा उल्लेख आला, तर तिच्याविषयी एवढंच: चार्ट कधी शोधायचं ते सांगतो, टॅली काय शोधायचं ते सांगते. ब्लो होल, सँड ड्रॉप, कोल्ड शट, मिसरन, कोअर सरकणं अशा एकेका दोषाचे रकाने रोज भरा.

तेराचा आकडा आणि गप्प बसण्याचं कसब

चोविसाव्या दिवशी १३ खराब. आदल्या दिवशी ८ होते. टक्केवारीत सांगायचं तर रिजेक्शन एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि असं सांगितलं की मीटिंगमध्ये वातावरण तापतं. पण १३ हा आकडा मर्यादेच्या आत आहे. सरासरी ८ असलेल्या प्रक्रियेत असे दिवस येतात. त्याचं वेगळं कारण शोधायला बसलात तर कुणीतरी कारण तयार करून देईल आणि त्यावर वाळूत पाणी कमी करा, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) वाढवा असले बदल सुरू होतील. चांगली चाललेली वाळू अशानेच बिघडते.

हे पटत नसेल तर घरी करून बघा. गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या शिबिरांत ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी एका खोक्यात घालायचे आणि ५० खळग्यांच्या फळीने "कामगारांना" मणी काढायला लावायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. तुम्ही काबुली चणे आणि राजमा चारास एक मोजून घ्या, नीट ढवळा, न बघता ५० दाणे काढा, राजमा मोजा, दाणे परत टाका. सरासरी १० च्या आसपास येईल, पण एखाद्या वेळी ६ येतील, एखाद्या वेळी १५. मर्यादा काढल्यात तर १.५ ते १८.५. प्रत्येक वेळी घरच्या माणसांना काढायला सांगा आणि १५ काढणाऱ्याला मेमो द्या. मग हसू येतं. शेडमध्ये तेच करतो तेव्हा येत नाही.

मर्यादेबाहेरचा बिंदू ही एकच खूण नव्हे. २०० नगांच्या चार्टवर सदोष प्रमाण ४ वरून ६ टक्क्यांवर गेलं तरी एखाद्या दिवसाचा बिंदू बाहेर पडण्याची शक्यता साधारण दहात एक इतकीच असते. म्हणजे हळू घसरण पकडायला हा नियम एकटा पुरत नाही. म्हणून दुसरा नियम: लागोपाठ आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी सरकलंय. नेमका रेषेवर बसलेला बिंदू आला की मी ती रांग तुटली असं धरतो. नियमांची यादी पुढेही मोठी आहे, पण सुरुवातीला हे दोनच वापरा. प्रत्येक जादा नियमाबरोबर खोट्या घंटा वाढतात, आणि दोनचार वेळा खोटी घंटा वाजली की माणसं चार्टकडे बघणं सोडतात.

खालच्या मर्यादेविषयी थोडं. ४ टक्के सदोष असताना ती शून्याच्या वर येण्यासाठी रोज २१६ पेक्षा जास्त नग तपासावे लागतात. ४०० नग असतील तर सरासरी १६ आणि खालची मर्यादा ४.२४. त्या चार्टवर ३ खराब आले तर पेढे वाटायच्या आधी इन्स्पेक्शन टेबलावर जा. कदाचित खरंच काही सुधारलं असेल, मग ते कशाने हे शोधून टिकवायचं. कदाचित डिस्पॅचची घाई होती आणि नजर सैल पडली.

मर्यादा गोठवा

८ आणि १६.३१ या रेषा आता पुढच्या दिवसांवर तशाच वाढवा. रोज नवा आकडा घालून सरासरी बदलायची नाही. एक्सेलची शीट हा घोटाळा आपोआप करते: सूत्र पूर्ण रकान्यावर लावलेलं असतं, रिजेक्शन हळूहळू वाढतं, तशी रेषाही वर सरकते, आणि चार्ट कायम "कंट्रोलमध्ये". प्रक्रियेत जाणूनबुजून बदल केला, तो चार्टवर दिसला, आणि त्यानंतर वीस-पंचवीस बिंदू जमले, तरच नव्या रेषा काढा. जुन्या पुसू नका. बदल कुठे झाला ते शेजारीशेजारी दिसू दे.

रोज नग सारखे नसतील तर पी चार्ट

लाइट गेली, भट्टीचं लायनिंग बदललं, ऑर्डर वाढली. रोज २०० च ओतले जातील असं थोडंच आहे? मग संख्येऐवजी प्रमाण मांडायचं आणि मर्यादा त्या त्या दिवसाच्या नगांवरून काढायची:

मर्यादा = सदोष प्रमाण ± ३ × √[ सदोष प्रमाण × (१ − सदोष प्रमाण) ÷ त्या दिवशी तपासलेले नग ]

सदोष प्रमाण ०.०४ धरू. ज्या दिवशी १०० च नग निघाले त्या दिवशी वरची मर्यादा ९.८८ टक्के. ज्या दिवशी ४०० निघाले त्या दिवशी ६.९४ टक्के. आता एका दिवशी १०० पैकी ८ खराब, म्हणजे ८ टक्के, आणि दुसऱ्या दिवशी ४०० पैकी ३० खराब, म्हणजे ७.५ टक्के. मीटिंगमध्ये कुठल्या दिवसावर बोललं जाईल? ८ टक्क्यांवर. आणि शोध घ्यायला हवा तो ७.५ टक्क्यांच्या दिवसाचा. नुसती टक्केवारी बघून निर्णय घेण्यातला धोका यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला दाखवता येत नाही.

रेषा पायऱ्यांसारखी वरखाली दिसते म्हणून घाबरू नका. रोजची संख्या सरासरीच्या २० ते २५ टक्क्यांच्या आत फिरत असेल तर सरासरी संख्येवरून एकच सरळ मर्यादा काढली तरी भागतं. फक्त रेषेच्या अगदी जवळ आलेल्या बिंदूची मर्यादा स्वतंत्र काढून बघा.

चार्ट शांत, रिजेक्शन तसंच

सगळे बिंदू आत, तरी रोज सरासरी ८ नग भंगारात. इथे बरेच जण चार्टलाच नाव ठेवतात. "कंट्रोलमध्ये" याचा अर्थ "चांगलं" असा नाही, "उद्याही असंच चालेल" एवढाच आहे. हे ४ टक्के एखाद्या ऑपरेटरने केलेले नाहीत, ते गेटिंगच्या (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांच्या) डिझाइनमध्ये, सँड प्लांटच्या क्षमतेत, गॅस बाहेर जायचे व्हेंट कुठे आहेत यात बसलेले आहेत. ते कमी करायचे तर टॅलीतला सगळ्यात मोठा दोष घ्या आणि पॅटर्न, वाळू किंवा ओतण्याचं तापमान यांत मोजून बदल करा. त्यासाठी पैसे आणि सही लागते, आणि ती मोल्डिंगवाल्याकडे नसते.

ग्राहकाने सांगितलेलं दीड टक्क्याचं टार्गेट मात्र या चार्टवर रेष म्हणून ओढू नका. मर्यादा प्रक्रियेच्या आकड्यांतून येतात, करारातून येत नाहीत. टार्गेटची रेष दिसली की माणसं तिच्या आत राहणारे आकडे लिहायला शिकतात.

सूत्र कुठे फसतं

या मर्यादांमागे एक गृहीतक आहे: एक नग खराब निघाला म्हणून शेजारचा निघण्याची शक्यता बदलत नाही. फाउंड्रीत हे पूर्ण खरं नसतं. एका साच्यात चार नग असतील आणि साचा फुटला तर चारही जातात. लॅडल (धातू ओतायचं भांडं) गार झाला तर त्यातले शेवटचे सगळे साचे जातात. अशा ठिकाणी खरा चढउतार सूत्रापेक्षा मोठा असतो आणि वरचेवर कुठला ना कुठला बिंदू बाहेर पडतो. उपाय सोपा आहे: नगांऐवजी साचे मोजा. ते जमत नसेल तर रोजची टक्केवारी हा एक साधा आकडा मानून इंडिव्हिज्युअल्स आणि मूव्हिंग रेंजचा चार्ट काढा, त्यात मर्यादा लागोपाठच्या दिवसांमधल्या फरकावरून येतात. दिवसाला हजारो नग तपासणाऱ्या प्रेस किंवा प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांनाही हाच त्रास होतो, कारण नग वाढले की मर्यादा अतिशय अरुंद होतात. त्यासाठी डेव्हिड लेनी यांनी २००२ मध्ये सुचवलेला, दिवसादिवसांमधला जादा चढउतारही मर्यादेत धरणारा पी-प्राइम चार्ट आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतो.

उलट टोकाला, सदोष प्रमाण हजारात एक असेल तर २०० नगांवर रोज शून्य, शून्य, शून्य, मध्येच एक असं दिसतं. तो चार्ट काही सांगत नाही. एका बिंदूत सरासरी निदान पाच खराब नग यावेत असा ठोकताळा आहे, आणि हजारात एकाला त्यासाठी ५,००० नग लागतात. एवढा माल व्हायला महिना जाणार असेल तर मोजणीच उलटी करा: एक खराब नग निघाल्यापासून पुढचा निघेपर्यंत मध्ये किती चांगले गेले ते लिहा. त्याला जी चार्ट म्हणतात. तिथे बिंदू वर जाणं चांगलं असतं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा.